नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरची बाग आणि ऋतूप्रमाणे जेवण: मार्च ते जून काय करावे?

बेशाची गच्ची

नमस्कार. माझे माहेर सांगलीचे, संसाराची पहिली अकरा वर्षे पुण्यात गेली आणि गेल्या ऑगस्टपासून आम्ही नागपुरात, बेसा येथे राहतो. पुण्यात गॅलरीत चार कुंड्या होत्या. येथे प्रथमच साडेसहाशे चौरस फुटांची स्वतःची गच्ची मिळाली, म्हणून दिवाळीला घरात एक नियम केला: भाजी आणि फळ शक्यतो आपल्या गच्चीवरचे, नाहीतर नागपूर आणि शेजारच्या जिल्ह्यांत त्या महिन्यात पिकणारे. धान्य, तेल आणि चहा यांना सूट दिली आहे, कारण चहावाचून मी नियमच काय, काहीच पाळू शकत नाही.

हिवाळा थाटात गेला. गच्चीवर मेथी, पालक, मुळा आणि सांबार भरपूर झाला (कोथिंबिरीला सांबार म्हणायला मी शिकले आहे), बाजारातून वाटाणा आणि पोपटाच्या (गावरान वालाच्या) शेंगा आणल्या, आणि संत्र्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्या भरात फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टोमॅटोची चौदा रोपे काळ्या पिशव्यांमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत भरून लावली. झाडे कमरेएवढी झाली, फुलांचे घोस लागले, पण मार्चअखेरीपासून फूल देठासकट गळते आहे आणि आजपर्यंत चौदा झाडांवर मिळून पाच फळे धरली आहेत. पाणी वाया जाऊ नये म्हणून कूलरच्या टाकीत उरलेले पाणी मी रोज संध्याकाळी झाडांना घालते. गेल्या दहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या आहेत आणि पिशव्यांच्या काठावर मिठासारखा पांढरा थर दिसतो.

माझे प्रश्न दोन आहेत. टोमॅटोचे नेमके काय चुकले? आणि त्याहून मोठा प्रश्न असा की, आता एप्रिलचा मध्य आहे, मेथी-पालक संपला आहे, बाजारात जे दिसते त्यातले बरेच बाहेरून आलेले असते. अशा वेळी जून उजाडेपर्यंत नागपूरच्या माणसाने ऋतूप्रमाणे आणि जवळचे खायचे ठरवले तर खायचे तरी काय?

काळी माती

ताई, तुमच्या टोमॅटोला कोणताही रोग झालेला नाही. त्याला नागपूर बाधले आहे. कृषी खात्यात एकतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या प्रत्येक सहकाऱ्याच्या परसबागेत मी हेच चित्र पाहिले आहे.

टोमॅटोचे फळ धरण्यासाठी फुलातील परागकण सशक्त असावे लागतात, आणि दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर व रात्रीचे २४-२५ अंशांच्या वर जाऊ लागले की ते निकामी होतात. मग फूल देठाच्या गाठीपाशी पिवळे पडते आणि तेथूनच तुटून गळते. पुण्यात एप्रिलमध्येही रात्री बऱ्यापैकी उतरतात, त्यामुळे तिकडे फेब्रुवारीतली लागवड थोडीबहुत निभावते. येथे मार्चच्या उत्तरार्धातच दुपार ३८ अंशांच्या पुढे जाते आणि मे महिन्याचे तर सांगायलाच नको. २३ मे २०१३ रोजी नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेत ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि ती सावलीतली होती, गच्चीच्या स्लॅबवरची नव्हे. आपल्याकडे टोमॅटोचे बी ऑगस्टमध्ये रोपवाटिकेत टाकावे, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रोपे लावावीत आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळे खावीत. आता ती चौदा झाडे काढून टाका. जीव जडला असेल, हे समजू शकतो, पण जूनपर्यंत ती नुसते पाणी पितील.

कूलरच्या पाण्याबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ही चूक नागपुरात घरोघरी होते आणि तीही काटकसरीच्या चांगल्या हेतूने होते. कूलरमधून हवेत उडून जाते ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार टाकीतच मागे राहतात. आपण दिवसभरात दोन-तीन वेळा टाकी भरतो, म्हणजे प्रत्येक वेळी नव्या पाण्यासोबत नवे क्षार ओततो, आणि आठवड्याभराने तळाशी जे उरते ते मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारे झालेले असते. तुम्ही टाकी बोअरच्या पाण्याने भरत असाल तर अधिकच. कूलरच्या ताट्यांवर जो कडक पांढरा थर जमतो तोच तुमच्या पिशव्यांच्या काठावर आला आहे, आणि पानांच्या कडा करपल्या आहेत त्याही त्यामुळेच, कारण झाड पाण्याबरोबर शोषलेले क्षार पानाच्या टोकांशी आणि कडांशी नेऊन ठेवते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणीही याच जातीचे असते. ही दोन्ही पाणी अंगण धुण्यासाठी वापरावीत. ज्या पिशव्यांत झाडे ठेवणार असाल त्यांना दोन दिवस लागोपाठ सकाळी साध्या पाण्याने इतके भिजवा की तळाच्या भोकांतून पाणी धो धो वाहून गेले पाहिजे. वरचा पांढरा पापुद्रा आधी खरवडून घ्या. आणि पाणी सूर्य वर येण्याआधीच घाला. गच्चीवरच्या टाकीचे दुपारचे पाणी हाताला चटका देते, ते मुळांना काय करत असेल याचा विचार करा.

मिश्रणाविषयी एक सूचना आहे. कोकोपीट एकदा कडक वाळले की आक्रसते, पिशवीच्या कडेने फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. वरून ओले, आत कोरडे. शिवाय ते किनारपट्टीवरून येते, म्हणजे तुमच्या नियमातही बसत नाही. भंडारा-गोंदियाकडच्या धानगिरण्यांतून धानाचे तूस मिळते, ते हलके असते आणि त्यातील सिलिकामुळे लवकर कुजत नाही. एक भाग आपली काळी माती, एक भाग तूस आणि दोन भाग मुरलेले पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण मी गेली नऊ वर्षे वापरतो आहे. नुसती काळी माती मात्र पिशवीत भरू नये; ती शेतात सोने आहे, पिशवीत पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात वीट.

यापुढचे वेळापत्रक असे धरा. मे महिन्यात गच्चीला सुटी द्या. कढीपत्ता, गवती चहा, एखादे लिंबू आणि मिरचीची दोन-चार झाडे एकत्र दाटीने ठेवून वर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, पिशव्यांना बाहेरून जुने पांढरे कापड गुंडाळा आणि खाली विटा द्या. बाकी रिकाम्या पिशव्यांतली माती ओलसर करून गच्चीवर पसरवा आणि पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे झाकून ठेवा. नवतप्याच्या (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या) उन्हात तिच्यातील बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचे बी बऱ्याच अंशी मरते. शेतकरी उन्हाळ्यात नांगरून जमीन तापू देतो त्याच कारणाने. पाऊस स्थिरावला की भेंडी, गवार, चवळी, दोडका आणि कारले लावा. पोपटाचा वालही त्याच वेळी पेरा. तो लगेच मांडवभर पसरेल पण फुलणार नाही, तेव्हा घाबरून उपटू नका, गावरान वाल दिवस लहान झाल्याखेरीज फुलावर येतच नाही. आणि उन्हाळ्यात भेंडी-गवार हवीच असेल तर पुढच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी पेरा, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये तोडा चालू राहील.

वैनगंगाकाठ

काळी माती यांनी गच्चीचे उत्तर दिले आहे, मी ताटाचे देते. माझे बालपण भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात गेले आणि लग्नानंतर चाळीस वर्षे नागपुरात महाल भागात काढली.

बेशाच्या ताई, तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेले आहे, ते आधी बाजूला ठेवा. ऋतूप्रमाणे खायचे म्हणजे बाराही महिने ताजी भाजी खायची, असे आमच्या घरात कधीच नव्हते. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत हिरवी भाजी आठवड्यातून दोन-तीनदा असायची आणि बाकीचे दिवस साठवणीवर निघायचे. नागपूरच्या स्वयंपाकात एवढे बेसन का, असे बाहेरून आलेले लोक हसून विचारतात. माझे मत असे की त्याचे उत्तर इथल्या एप्रिल-मे महिन्यांत आहे. झुणका, पाटोडीचा रस्सा, गोळाभात, वडाभात हे सगळे भाजीचे टोपले रिकामे असताना सुचलेले पदार्थ आहेत, आणि त्यांना लागणारी हरभऱ्याची डाळ फेब्रुवारी-मार्चमध्येच शेतातून निघालेली असते. म्हणजे एप्रिलमध्ये झुणका खाणारा माणूस अगदी ऋतूप्रमाणे आणि अगदी जवळचे खात असतो.

आता हिरव्याविषयी. पहिले नाव चिवळीचे. घोळीच्या कुळातली, जमिनीला चिकटून पसरणारी, तिळापेक्षा थोड्या मोठ्या मांसल पानांची ही भाजी उन्हाळ्यात बाजारात येते. निवडायला मात्र जीव खाते: देठ बारीक, मुळांना माती, आणि पाव किलो भाजी साफ करता करता एक मालिका संपते. ती मोठ्या घमेल्यात पाण्यात बुडवून हलक्या हाताने वर उचलावी, पाणी ओतून पुन्हा बुडवावी, आणि तळाशी रेती येणे थांबेपर्यंत हे करत राहावे. माझ्याकडे पाच वेळा लागते. मग तेलात लसूण आणि हिरवी मिरची तडतडवून, भिजवलेली मुगाची डाळ आणि चिवळ एकत्र वाफवावी. तिला स्वतःचे पाणी सुटते, वरून घालू नये. आंबटसर, गार, अशी चव. आणि निवडताना निघालेल्या काड्या फेकू नका, एका पसरट कुंडीत मातीवर पसरवून दाबा. उन्हात रुजणाऱ्या थोड्या भाज्यांपैकी ती एक आहे.

मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा आता आहेत, कैरी आहे, तिचा मेथांबा करून ठेवा. कांदा आहे. कोहळे आहे, म्हणजे तुमच्या सांगलीकडचा लाल भोपळा. न कापता कोरड्या जागी ठेवला तर दोन-तीन महिने टिकतो. जवसाची चटणी घरात असू द्या. टरबूज तर आहेच. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत पडीक जागी तरोटा (टाकळा) उगवतो, त्याची फक्त कोवळी पाने खुडावीत, पुढे ती कडू आणि जून होतात. जुलै-ऑगस्टमध्ये काटवल (कर्टुली) आणि वास्ते येतील. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. ते कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाऊ नयेत, त्यात विषारी घटक असतो. चिरून पाण्यात ठेवावेत, उकळावेत आणि ते पाणी फेकून द्यावे.

पुढच्या वर्षासाठी मात्र तयारी जानेवारीपासूनच करा. मेथी जेव्हा रुपयांत जुडी मिळते तेव्हा सावलीत वाळवून डब्यात भरावी, वांग्याच्या फोडी आणि टोमॅटोच्या चकत्या फेब्रुवारीच्या उन्हात कडक वाळवाव्यात. माझी आजी टोमॅटोला भेदरं म्हणायची आणि वाळलेली भेदरं आमटीत चिंचेच्या जागी टाकायची. लाल मिरची भिवापूरची घ्या. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण आम्ही ती त्याआधीपासून खातो. आणि मुगवड्या या महिन्यातच घाला, ऊन फुकट आहे.

मोजपट्टी

मी बांधकाम अभियंता आहे, म्हणून एवढेच लिहितो. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो वापराचा भार गृहीत धरलेला असतो. ओल्या मातीचे वजन घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते, म्हणजे गच्चीवर एक फूट जाडीचा मातीचा वाफा केला तर दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार होतो. लोक हौसेने वाफे बांधतात आणि दोन पावसाळ्यांनंतर खालच्या खोलीत ओल आली की मला फोन करतात. पिशव्या कठड्यालगत, खाली भिंत किंवा तुळई असेल त्या रेषेवर ठेवा, मधली जागा मोकळी सोडा, आणि सलग वाफे करायचेच असतील तर आधी इमारतीचा नकाशा एखाद्या जाणकाराला दाखवा. माती पसरवून तापवायची सूचना चांगली आहे, पण थर दोन-तीन इंचांचाच ठेवा.

संत्रा मार्केटचा ग्राहक

मला हा सगळा नियमच थोडा अवघड वाटतो, आणि तसे म्हणण्याचे कारण आहे. जवळचे म्हणजे चांगले, असे शहरात नेहमी ठरत नाही. सांडपाण्याच्या नाल्यावर पिकवलेला पालक हा तुमच्या घरापासून पाच किलोमीटरवरचा असू शकतो, आणि अशा पाण्यातील जड धातू पालेभाज्यांत उतरतात. ते धुऊन जात नाहीत. त्यापेक्षा मी लांबून आलेली कोबी घेईन. अंतर विचारण्याआधी पाणी विचारावे.

दुसरे म्हणजे, विक्रेता सांगेल ते जवळचे नसते. हिवाळ्याच्या शेवटी हातगाडीवर संत्रा म्हणून जे विकले जाते त्यात किनू असतो, आणि किनू उत्तरेकडून येतो. ओळखायला सोपे आहे: किनूची साल चकचकीत, घट्ट, गराला चिकटलेली असते, आपल्या संत्र्याची साल सैल, देठाकडे थोडी वर आलेली, आणि अंगठा घातला की सुटणारी. संत्र्याचे दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, असतात: आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. मधल्या महिन्यात कोणी रसरशीत केशरी फळ दाखवले तर साल दाबून पाहा. आंबियाचे फळ बाहेरून हिरवट असले तरी आत पिकलेले असते, ते नाकारू नका, कारण रंग चढायला रात्रीचा गारवा लागतो आणि ऑक्टोबरात तो नसतो.

काळी माती

संत्रा मार्केटच्या ग्राहकांचे पाण्याबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच गच्चीवर पिकवायचेच तर पालेभाजी पिकवावी, असे मी सांगतो. कांदा, बटाटा, कोबी यांच्या मागे लागून गच्चीत पैसा निघत नाही. हिंगणा, कळमेश्वर, सावनेरकडचे शेतकरी ते आपल्यापेक्षा स्वस्त आणि चांगले पिकवतात. पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी चार माणसांच्या घराला लागणारा सांबार, मेथी आणि पालक वीस पिशव्यांतून आरामात निघतो, आणि त्याचे पाणी आपल्या हातचे असते. सांबाराचे बी चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करून पेरा. एका दाण्यात दोन बिया असतात.

काटवल गच्चीवर लावण्याचा मोह झाला तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. माझ्या एका शेजाऱ्याने तीन वर्षे मोठ्या प्रेमाने एकच वेल सांभाळला, तो दरवर्षी पिवळ्या फुलांनी भरायचा, आणि काटवल एकही नाही. तो नर होता. कंद घ्यायचे तर आठ-दहा मादींमागे एक नर, आणि विकणाऱ्याला वेल फुलावर असतानाच खूण करून ठेवायला सांगावे.

बेशाची गच्ची

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी टोमॅटोची झाडे काढली. पिशव्या उलट्या केल्यावर काळी माती यांनी लिहिले होते ते डोळ्यांनी पाहिले: वरचे चार बोटे ओले आणि मध्यभागी कोकोपीटचा भुशासारखा कोरडा गोळा, ज्यात एकही मूळ शिरलेले नव्हते. कूलरचे पाणी आता अंगणात जाते. मिस्टरांनी पिशव्या कठड्यालगत हलवल्या, आणि हलवताना त्यांची कंबर धरली, त्यामुळे मोजपट्टी यांच्या आकड्यांवर आमच्या घरात आता कोणी शंका घेत नाही.

चिवळ मिळाली. सासूबाई बुधवार बाजारातून घेऊन आल्या आणि आम्ही दोघींनी मिळून सव्वा तास निवडली. मुलीने पहिल्या दिवशी तोंड वाकडे केले, दुसऱ्या दिवशी उरलेली भाकरीबरोबर मागून घेतली.

एक अडचण मात्र आली आहे. वैनगंगाकाठ काकू, तुमच्या सांगण्यावरून दोन किलो मुगाच्या डाळीच्या वड्या घातल्या. दोन दिवसांत दगडासारख्या कडक झाल्या म्हणून डब्यात भरल्या, आणि आज पाचव्या दिवशी डबा उघडला तर आंबूस वास आला. काही वड्यांना आतून काळसर ठिपके आहेत. एवढ्या उन्हात वडी बिघडते कशी?

वैनगंगाकाठ

ऊन कडक आहे म्हणूनच बिघडते. पहिल्याच दिवशी बाहेरून कवच धरते आणि आतला ओलावा कोंडला जातो. हाताला वडी वाळलेली वाटते, पण पोटात ओली असते. तुम्ही वडी बहुधा लिंबाएवढी घातली असणार. ती सुपारीपेक्षा मोठी नको, आणि डाळ वाटताना पाणी अगदी बेताचे, रवाळ वाटावी. पहिल्या दिवशी दुपारी बारानंतर वर पातळ सुती साडी पसरवा, म्हणजे कवच सावकाश धरेल. संध्याकाळी वड्या घरात घ्या, दुसऱ्या दिवशी उलट्या करून ठेवा, आणि असे चार दिवस करा. पाचव्या दिवशी चार-पाच वड्या मोडून पाहा: कट असा आवाज येऊन आत एकसारखा फिका रंग दिसला तर झाल्या, मध्ये गडद टिपका दिसला तर आणखी एक ऊन. उन्हातून आणलेल्या वड्या गरम असताना डब्यात भरू नका, रात्रभर परातीत गार होऊ द्या, नाहीतर झाकणाला आतून घाम येतो.

ठिपके पडलेल्या वड्या टाकून द्या, तळून खाऊ नका. आणि त्यांच्यासोबत त्याच डब्यात असलेल्याही.